खैर, काथ आणि नक्षीचे कातडे

काही हौशी लोकांच्या मोटारसायकलवर हाताने कोरलेल्या कातड्याची सीट दिसते. तिच्यावर वेलबुट्टी उठावात काढलेली असते आणि कडेने कातड्याचीच वादी ओवून ती शिवलेली असते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना रेक्झिनची सीट असते, म्हणून असे काम पाहिले की आपण क्षणभर थांबतो. तसे पाहिले तर दुचाकीची बैठक मुळात कातड्याचीच होती. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स यांनी 1882 मध्ये सायकलसाठी ताणलेल्या कातड्याच्या खोगिराचे पेटंट घेतले आणि सुरुवातीच्या मोटारसायकलींवरही स्प्रिंगा लावलेली तशीच खोगिरे असत.

पण एक गंमत करून पाहा. जुन्या मऊ पर्सचा किंवा जाकिटाचा तुकडा ओला करून त्यावर ठसा ठोका. वाळल्यावर ठसा बराचसा पुसट झालेला दिसेल. खोगिराच्या कातड्यावर मात्र तो कायमचा उठतो. कातडे तर दोन्हीकडे जनावराचेच. फरक आहे तो कमावण्यात, आणि या कमावण्याच्या इतिहासाचा एक धागा जव्हार-मोखाड्याच्या मुलखातून जातो.

कच्चे कातडे ओले राहिले तर कुजते आणि वाळले तर पत्र्यासारखे कडक होते. त्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. झाडांच्या सालीत आणि फळांत जे तुरट पदार्थ, म्हणजे टॅनिन, असतात ते या तंतूंना हायड्रोजन बंधांनी चिकटतात आणि मधल्या जागा भरून काढतात. मग जंतूंना ते प्रथिन सहज पचवता येत नाही. आवळा खाल्ल्यावर तोंड आवळते तेही यामुळेच. तिथे टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरते. आपल्याकडे या कामाला बाभळीची साल आणि हिरडा वापरत आले आहेत.

इंग्लंडात ओकची साल वापरत. जाड कातडे कमावायला वर्ष, कधी त्याहून अधिक काळ लागे. नेपोलियनशी युद्धाचा तो काळ होता आणि बूट, खोगिरे, पट्टे यांची मागणी मोठी होती. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नुकताच आलेला तरुण रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही याच्याकडे या धंद्याचा अभ्यास सोपवण्यात आला. 1803 मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्याने अनेक तुरट वनस्पतींची तुलना केली, आणि तीत सरस ठरला तो हिंदुस्थानातून आलेला काथ. यात टॅनिन असावे हा अंदाज जोसेफ बँक्सचा होता. 'मुंबईच्या' काथाच्या 200 ग्रेनमध्ये डेव्हीला 109 ग्रेन टॅनिन मिळाले. 'बंगालच्या' काथात थोडे कमी. एक पौंड काथ सात-आठ पौंड ओक-सालीचे काम करतो, असा त्याने हिशेब मांडला.

डेव्हीची मोजण्याची पद्धत शाळेत करून दाखवण्याइतकी सोपी आहे. टॅनिन आणि जिलेटिन एकत्र आले की साका बसतो. चिमूटभर बिनस्वादाचे जिलेटिन कोमट पाण्यात विरघळवावे, ते निवल्यावर त्यात कडक चहाचा किंवा हिरड्याचा गाळलेला काढा घालावा. पाणी लगेच गढूळ होते. पानाचा काथ मात्र इथे घेऊ नये. आजकाल कारखान्यात खैराच्या अर्कातून टॅनिनचा भाग बऱ्याच अंशी वेगळा काढतात, आणि पानाच्या काथात मुख्यतः कॅटेचिन उरते. ग्रीन टीच्या पाकिटावर छापलेला हा शब्द काथाच्याच 'कॅटेचू' या व्यापारी नावावरून आला आहे.

हा काथ करीत कोण? खैराच्या बुंध्याचा तांबडा गाभा तासून त्याच्या ढलप्या मडक्यात उकळायच्या, तो रस आटवून घट्ट करायचा आणि त्याच्या वड्या पाडायच्या. कोकणपट्टीत हे काम ज्यांचे होते त्यांना नावही त्यावरूनच पडले: काथोडी किंवा कातकरी. जव्हार-मोखाड्यात वारली, कोकणा, ठाकर यांच्याबरोबर त्यांचे पाडे आहेत. कोणता खैर पिकला, गाभा किती भरला, रस केव्हा उतरवायचा, हे ज्ञान त्यांच्याजवळ होते. डेव्हीने काथातले टॅनिन मोजले. काथ करणाऱ्यांचे नाव त्या विज्ञानात कुठे आले नाही.

पुढे 1878 च्या वन कायद्यानंतर ब्रिटिश मुलखात राखीव जंगले आखली गेली, खैर तोडण्यावर बंधने आली आणि काथाचा घरगुती धंदा बसत गेला. नाव राहिले, काम गेले. लाकूडतोड, कोळसा पाडणे आणि वीटभट्टीची मजुरी वाट्याला आली. महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांत आज कातकरी आहेत. त्याचे सारे कारण काथ बंद होणे हेच, असे आम्ही म्हणणार नाही. पण ते एक कारण खास आहे.

1884 मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले. महिन्यांचे काम दिवसांवर आले. हे कातडे मऊ असते, उकळत्या पाण्यातही टिकते, पण दाबले की परत उसळते. झाडपाल्याने कमावलेले कातडे पाणी पिऊन ओल्या मातीसारखे नमते, आणि दिलेला आकार धरूनच वाळते. सीट करणारा कारागीर याचाच फायदा घेतो. कातडे ओलसर करून तो चित्राच्या रेघा चाकूने अर्धवट खोल कापतो, रेघेच्या एका बाजूचा भाग ठशाने दाबतो, की चित्र वर उठते. मग कडेला समान अंतरावर भोके पाडून वादी ओवतो. ओवताना वादी सैल सुटली तर बसणाऱ्याच्या वजनाने शिवण उसवते.

हेच गुण कोल्हापुरी चपलेत आहेत: बाभळीच्या सालीने नि हिरड्याने कमावलेले कातडे, खिळ्याऐवजी कातड्याच्या वादीची शिवण, आणि वर हाताची नक्षी. 2019 मध्ये तिला महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. 2025 मध्ये मिलानच्या एका फॅशन प्रदर्शनात प्राडा कंपनीने तशाच चपला दाखवल्या, तेव्हा ओरड झाल्यावर त्यांचे मूळ भारतीय असल्याचे कंपनीने मान्य केले. इथे निदान हक्क सांगायला एक कागद होता. काथाच्या बाबतीत तोही नव्हता.