काच, कोन आणि सुवर्णदुर्ग

हा भाग कानात हेडफोन न घालता वाचणाऱ्यांसाठी.

आंजर्ल्यात समुद्राकडे तोंड असलेली एखादी काचेची खिडकी शोधा आणि संध्याकाळी तिच्यासमोर बाहेरून उभे राहा. खोलीत अंधार असेल तर काचेत माड दिसतात, आभाळ दिसतं, आणि मोबाईल धरलेले तुम्ही. आत कुणी दिवा लावला की त्याच काचेत खाट आणि भिंतीवरचं कॅलेंडर उगवतं. साधी काच समोरून आलेल्या उजेडापैकी जेमतेम 8 टक्के परत फेकते, त्यामुळे सगळी मारामारी बाहेरच्या आणि आतल्या उजेडात. तिरके उभे राहिलात तर प्रतिबिंब आणखी दाट होतं. म्हणजे फोटोत काय येणार, हे तुमचे पाय ठरवतात.

1808 साली पॅरिसमध्ये एत्येन-लुई मालुस याने लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांत चमकणारा मावळतीचा सूर्य एका स्फटिकातून पाहिला. स्फटिकात दोन सूर्य दिसत होते. स्फटिक फिरवला तशी एक प्रतिमा मंद व्हायची आणि दुसरी उजळायची. परावर्तित उजेडाचा हा गुण त्याने ओळखला आणि आज काचेवरची चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर त्याच गुणावर चालतो. आता तर ॲपच प्रतिबिंब पुसून देतं! मी सॉफ्टवेअरवाला, मला त्याचं कौतुक आहे. पण काचेत दोन चित्रं असतात आणि त्यातलं कचरा कुठलं, हे ॲप ठरवतं.

आता कड्यावरच्या गणपतीपाशी या. दक्षिणेला हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. 1755 साली हा किल्ला तुळाजी आंग्रे यांच्याकडे होता. इंग्रजांच्या लेखी ते चाचे. आंग्र्यांच्या बाजूने पाहिलं तर हे त्यांचं पाणी, इथून जाणाऱ्या जहाजाने दस्तक घ्यायलाच हवं. आणि पुण्याहून नानासाहेब पेशव्यांना दिसत होता तो ऐकत नसलेला सरदार. म्हणून पेशव्यांनी चक्क मुंबईकर इंग्रजांशी करार केला. हा भाग आपण शाळेत पटकन उलटतो, असं मला वाटतं.

एप्रिलच्या सुरुवातीला कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ जहाज घेऊन आला आणि पश्चिमेकडून, म्हणजे खोल समुद्राच्या बाजूने, तोफा डागू लागला. काहीच होईना. त्या बाजूची तटबंदी बरीचशी मूळ खडकच तासून केलेली. दरवाजाही जमिनीकडे तोंड करून, तो समुद्रातून दिसत नाही. मग जेम्सने जागा बदलली. बेट आणि किनारा यांच्यामधल्या अरुंद पाण्यात, ईशान्येला तो शिरला. तिथून एका बाजूच्या तोफा सुवर्णदुर्गाच्या ईशान्य बुरुजांवर आणि दुसऱ्या बाजूच्या तोफा किनाऱ्यावरच्या गोवा किल्ल्यावर. आत आग लागली, दारूकोठार उडालं, आणि किल्ला पडला.

किल्ला तोच, तोफाही त्याच, फक्त उभं राहायची जागा बदलली. गंमत म्हणजे हा बाजू बदलण्याचा तपशील आपल्याला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मकडून मिळतो. बुरुजावरून ती जहाजं वळताना पाहणाऱ्या आंग्र्यांच्या माणसाचं चित्र आपल्याकडे नाही. प्रतिबिंब पुसायचं बटण तिथे आधीच दाबलं गेलंय.

करारानुसार सुवर्णदुर्ग पेशव्यांना मिळाला, बाणकोट इंग्रजांना. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1756 मध्ये, विजयदुर्गाला आंग्र्यांचं आरमार जळालं. तुळाजी कैदेत गेले आणि कैदेतच वारले. मराठ्यांच्या हातातलं सगळ्यात दमदार आरमार मराठ्यांच्याच संमतीने संपलं, आणि पुढे त्या तोडीचं पुन्हा उभं राहिलं नाही.

जेम्स श्रीमंत होऊन लंडनला परतला. तो वारल्यावर 1784 साली त्याच्या बायकोने शूटर्स हिल या टेकडीवर त्याच्या आठवणीसाठी त्रिकोणी मनोरा बांधला. नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच, इंग्रजी जिभेवर घासून निघालेला. मनोरा आजही उभा आहे, वर चढून लंडन बघता येतं.

आंजर्ल्याला जाणार असाल तर एक सांगतो. संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावरून पाहिलं तर सूर्य किल्ल्यामागे जातो आणि किल्ल्याची नुसती काळी आकृती मिळते. फोटो छान येतो, पण बुरुज दिसत नाहीत. ते हवे असतील तर सकाळी लवकर कड्यावर चढा.