गोखले, वासुदेव : संशोधनाची कागदपत्रे

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे दिल्ली विद्यापीठाच्या बौद्धविद्या विभागात अध्यापन. चिनी व तिबेटी भाषांतरांच्या आधारे बौद्ध दर्शनाचा शोध घेणाऱ्या मोजक्या मराठी पंडितांत त्यांची गणना होते. १९३० साली जर्मनीत त्यांची दोन पुस्तके निघाली. ‘अक्षरशतका’चे मूळ संस्कृत हरवले होते, म्हणून त्यांनी चिनी-तिबेटी पाठ समोर ठेवले, उल्लंघाचे ‘प्रतीत्यसमुत्पादशास्त्र’ तर त्यांनी थेट चिनीतून जर्मनमध्ये आणले.

त्यांच्या विद्वत्तेचा खरा कस लागला तो राहुल सांकृत्यायनांनी तिबेटातून आणलेल्या छायाचित्रांवर आणि नकलांवर. अशाच छायाचित्रांवरून वाचलेल्या वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’च्या कारिका गोखल्यांनी १९४६ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापल्या. तोवर अभ्यासकांची भिस्त मुख्यतः ह्युएनत्संगाच्या चिनी आणि तिबेटी भाषांतरांवर होती. छायाचित्रांवरून कारिका वाचणे जिकिरीचे असते. अनुष्टुभाच्या चरणात आठ अक्षरे, तिबेटीत बहुधा सात, ह्युएनत्संगाच्या कारिकेत पाच. पुसट अक्षर लावताना तिन्हींचा ताळा घालावा लागतो आणि तरीही छंद व व्याकरण सांभाळावे लागते.

या सामग्रीत सर्वांत मोलाची वाटते ती भव्य ऊर्फ भावविवेक (सहावे शतक) याच्या ‘मध्यमकहृदया’ची नक्कल. शालू विहारातील ताडपत्री पोथीवरून राहुलजींनी ती १९३६ मध्ये स्वतः उतरून घेतली होती. मूळ पोथी तिबेटात, हाताशी फक्त नक्कल. त्यामुळे उतरून घेणाऱ्याची चूक कोणती आणि पोथीची कोणती, हे गोखल्यांना अतिशाने केलेल्या तिबेटी भाषांतरावरून ठरवावे लागे. भव्याचे ‘करतलरत्न’ मात्र केवळ ह्युएनत्संगाच्या चिनी भाषांतरात उरले आहे.

या नकलेतील वेदान्तविषयक आठव्या प्रकरणावर गोखल्यांनी १९५८ साली लेख लिहिला. शंकराचार्यांच्या आधीचा वेदान्त एका बौद्ध प्रतिपक्ष्याला कसा दिसत होता, हे त्यातून कळते, आणि वेदान्ताच्या इतिहासाला हा पुरावा डावलता येणार नाही. दुसरे प्रकरण १९७२ मध्ये, तर पहिले श्रीकांत बहुलकर यांच्यासह १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. संपूर्ण कारिकांची ख्रिस्तियान लिंटनर यांनी सिद्ध केलेली आवृत्ती २००१ साली अड्यार ग्रंथालयाने काढली.