धनाग्राजवळचा गोळा

इलेक्ट्रिशियनच्या टेस्टरमध्ये तांबूस ठिपका पेटतो, तो निऑन वायूचा. त्याच छोट्या दिव्याला डीसी जोडली तर उजेड फक्त ऋणाग्राभोवती बसतो, धनाग्र अंधारात राहतं. वायूतल्या विजेचा इतिहासही बराच काळ ऋणाग्राभोवतीच बसून होता.

'अ‍ॅनोड' आणि 'कॅथोड' हे शब्द १८३४ सालचे. फॅरडेला नवे शब्द हवे होते आणि ते सुचवले विल्यम ह्यूएलने. हा माणूस विज्ञानाचा तत्त्वज्ञ होता, म्हणून आम्हा मंडळींना त्याचा थोडा अभिमान! पुढे १८९५ मध्ये राँटजेनचे क्ष-किरण आले आणि १८९७ मध्ये थॉमसनचा इलेक्ट्रॉन. दोन्ही ऋणाग्रातून निघणाऱ्या किरणांच्या अभ्यासातून. एका झाडाला एवढी फळं लागल्यावर शेजारच्या झाडाकडे कोण बघणार?

बघितलं ओटो लेहमानने. हा जर्मन शास्त्रज्ञ द्रवस्फटिकांसाठी ओळखला जातो. रुंद पात्रांतल्या विद्युत्‌-विसर्गावरचा त्याचा लेख १९०२ चा. यातलं 'रुंद' महत्त्वाचं. अरुंद नळीत काच आडवी येते, गोळ्याला गोळा व्हायला जागा लागते. इंग्रजीत त्याला आता 'फायरबॉल' म्हणतात. आपल्या बुलढाण्यात हा शब्द ऐकला की लोणारची उल्का आठवणार, पण तिचा इथे काही संबंध नाही.

गोळा होतो कसा? विरळ वायूत आधीच प्लाझ्मा आहे असं समजा. (हा शब्द लँगम्यूरने १९२८ मध्ये रूढ केला.) त्यात एक लहान धनाग्र ठेवलं आणि त्याचं व्होल्टेज वाढवत नेलं. इलेक्ट्रॉन तिकडे ओढले जातात. जवळ येता येता त्यांना इतकी ऊर्जा मिळते की ते वायूच्या अणूंवर आपटून त्यांतले इलेक्ट्रॉन उडवतात. आर्गॉनला त्यासाठी सुमारे १५.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. सुटलेले इलेक्ट्रॉन चटकन धनाग्रात शिरतात. आर्गॉनचा आयन इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७३ हजार पट जड, तो मागे रेंगाळतो. असा धनभार साचला की धनाग्राला चिकटलेला पातळ थर बाहेर सरकतो आणि गोळ्याची कड बनतो. या कडेला धन आणि ऋण भाराचे दोन पदर समोरासमोर असतात. अशा दुहेरी थराचं गणित लँगम्यूरने १९२९ मध्ये मांडलं. बाहेरचे इलेक्ट्रॉन ही कड ओलांडताना वेग घेतात, आत आपटतात, नवे आयन करतात. काही अणू नुसतेच चेतवले जातात आणि उजेड देतात. म्हणजे कड गोळ्याला जगवते आणि गोळा कडेला.

माझा जीव अडकतो तो पुढच्या गोष्टीत. व्होल्टेज वाढवताना एका आकड्याला गोळा एकदम उमटतो. मग व्होल्टेज त्या आकड्याच्या खाली आणलं तरी तो लगेच विझत नाही, बराच खाली गेल्यावर जातो. मधल्या पट्ट्यात व्होल्टेज तेच, वायू तोच, धनाग्र तेच. तरी खालून वर आलात तर अंधार, आणि वरून खाली आलात तर गोळा. आता सांगा, या गोळ्याचं कारण विचारलं तर व्होल्टेजचा नुसता आकडा सांगून भागेल का?