सुशेगाद, निवांत आणि बसा जी

काही वर्षांपूर्वी बालाघाटला गेलो होतो. गोंदियाहून वैनगंगेच्या बाजूने वर जायचं, मध्य प्रदेशात शिरायचं, आणि तरीही कानावर मराठी येत राहते. नवल नाही. 1867 साली हा जिल्हा झाला तो भंडारा, शिवनी आणि मंडला यांचे तुकडे जोडून. 1956 साली भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. भाषा मात्र सीमेवर थांबली नाही.

ज्यांच्याकडे उतरलो त्या गृहस्थांनी दारातच म्हटलं, "बसा जी, निवांत बसा." चहा आला, मग मी गोव्याचा हे कळलं आणि ते हसून म्हणाले, "म्हणजे तुम्ही सुशेगाद लोक! कामधाम नाही, नुसता आराम."

खरं सांगायचं तर मला राग आला. पण त्यांचा काय दोष? जाहिरातींनी देशभर हाच अर्थ पोचवला आहे.

सुशेगाद आला पोर्तुगीज 'सोसेगादु'वरून. त्याचं मूळ लॅटिनमधल्या 'बसणे' या अर्थाच्या धातूत सापडतं. आपल्या संस्कृतातला 'सद्' त्याचाच भाऊबंद. या सद्‌पासून 'प्रसन्न' झाला. गढूळ पाण्यातला गाळ खाली बसला की पाणी प्रसन्न होतं! 'निवांत'चं घराणं वेगळं. निवात म्हणजे जिथे वारा नाही अशी जागा. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला निवात जागेतल्या दिव्याची उपमा आहे. दिवा विझलेला नाही, तो जळतोच आहे. फक्त हलत नाही.

म्हणजे दोन्ही शब्दांत आळस कुठेच नाही.

आणि गोव्यात तरी तो कुठे होता? आमचा रेंदेर दिवसातून तीनदा माडावर चढायचा. पोदेर रात्रीच भट्टी पेटवायचा. खाजनशेती तर खाऱ्या पाण्याशी रोजचं भांडण. बांध सांभाळा, भरती-ओहोटी बघून मानशीची दारं सांभाळा, एक भगदाड पडलं की शेत खारट. ही सगळी सामाईक कामं गांवकऱ्या पाहत. 1526 च्या फोरालमध्ये पोर्तुगीजांनी त्यांचे रिवाज लिहून काढले, म्हणजे त्या त्याही आधीच्या. एवढं करून जेवल्यावर दुपारी जो बलकांवावर टेकला, तो सुशेगाद. काम संपवून बसलेला माणूस. भाटकाराचा सुशेगाद वेगळा होता हे कबूल करायला हवं. त्याच्या विसाव्याखाली मुंडकाराची मेहनत असायची. पण आज पर्यटकाला जो दाखवतात तो भाटकाराचाच.

हे मी त्यांना सांगितलं. ते भातशेतीवाले, चटकन समजले. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं. चिखलात वाकून रोवणी करणाऱ्याला विसावा म्हणजे काय, हे मी काय शिकवणार!

परतताना मात्र एक गोष्ट खुपत राहिली. बालाघाट या नावातच घाटावरचा अर्थ आहे. आणि घाटावरून पोटासाठी येणाऱ्या माणसाला आम्ही गोव्यात 'घांटी' म्हणतो, तेही नाक मुरडून. आज आमची घरं बांधणारे, बागा राखणारे बरेचसे तेच. त्यांच्यापैकी कुणी दुपारी सावलीत टेकला तर आम्ही त्याला सुशेगाद म्हणत नाही, कामचुकार म्हणतो.

एका शिक्क्याचा मला एवढा राग आला होता. दुसरा शिक्का तर आमच्याच हातात आहे.