अठ्ठ्याहत्तर मिनिटं

२१ एप्रिल २०१०

मॅकॅफी या अमेरिकी कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांना व्हायरसची नवी यादी पाठवली. यादीचा क्रमांक ५९५८. विंडोज एक्सपीमधली 'एसव्हीसीहोस्ट' ही विंडोजचीच एक अत्यावश्यक फाईल या यादीने व्हायरस ठरवली आणि उचलून बाजूला टाकली. जगभर कचेऱ्यांतले संगणक बंद पडून पुन्हा सुरू होत राहिले. कंपनीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी तेव्हा जॉर्ज कर्ट्झ होते. पुढच्याच वर्षी त्यांनी मॅकॅफी सोडली आणि दोन सहकाऱ्यांसह 'क्राउडस्ट्राइक' काढली.

२८ फेब्रुवारी २०२४

क्राउडस्ट्राइकच्या 'फाल्कन' या सुरक्षा सॉफ्टवेअरची ७.११ ही आवृत्ती बाहेर पडली. मराठी घरांना अँटिव्हायरस म्हटलं की पुण्याच्या काटकर बंधूंचं 'क्विक हील' आठवतं. डबा दुकानातून आणायचा, वर्षाने पैसे भरायचे. फाल्कन तसा दुकानात मिळत नाही. तो विमान कंपन्या, बँका, रुग्णालयं आणि कारखाने घेतात. म्हणूनच ज्यांचा दिवस त्याने पुढे बिघडवला, त्यातल्या बहुतेकांनी त्याचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं.

नव्या आवृत्तीत एक नवा साचा होता. विंडोजमधले प्रोग्रॅम एकमेकांशी 'नेम्ड पाइप' नावाच्या वाटेने बोलतात आणि हल्लेखोर तीच वाट वापरतात. तिच्यावर नजर ठेवण्यासाठी हा साचा केला होता. साच्यात २१ रकाने होते. त्यांत माहिती भरणारा कोड मात्र २० रकान्यांचीच माहिती पुरवत होता.

हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

५ मार्च २०२४

साच्याची ताण-चाचणी झाली. उत्तीर्ण. त्याच दिवशी त्यावर आधारलेला पहिला नियम गिऱ्हाइकांच्या संगणकांवर गेला. त्या नियमात एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशा अर्थाची खूण होती. काहीही चालणार असेल तर तो रकाना उघडून बघायचं कारणच पडत नाही. बघितला नाही, म्हणून काही झालं नाही.

८ ते २४ एप्रिल २०२४

आणखी तीन नियम गेले. तिन्हींत एकविसाव्या रकान्यात तीच खूण. तिन्ही सुरळीत चालले. जुलैमध्ये जगभरचे संगणक पाडणाऱ्या अपडेटवर विश्वास का ठेवला, याचं उत्तर देताना कंपनीने नंतर तीन गोष्टी सांगितल्या: मार्चमधली चाचणी, तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमचा निर्वाळा, आणि आधीचे नियम बिनबोभाट चालले होते ही वस्तुस्थिती. तिन्ही कारणं खरी होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती कंपन्यांच्या खरेदीच्या बैठकांत नीट मांडली जात नव्हती. फाल्कनचे अपडेट दोन जातींचे होते. एक सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती. ती लगेच घ्यायची की एक-दोन आवृत्त्या मागे राहायचं, हे गिऱ्हाईक ठरवू शकत होतं आणि जाणते सिस्टिम अ‍ॅडमिन मुद्दाम मागे राहत. दुसरी जात नव्या हल्ल्यांच्या नियमांची. ते थेट यायचे, सगळ्यांना एकदम, आणि गिऱ्हाइकाला ते थांबवण्याची सोयच नव्हती. 'आम्ही एक आवृत्ती मागे आहोत' असं म्हणून निश्चिंत असलेला माणूस १९ जुलैला तितकाच उघड्यावर होता.

१९ जुलै २०२४, शुक्रवार, पहाटे ३.२६

(वेळा सगळ्या भारतीय.) मायक्रोसॉफ्टच्या 'अझूर' क्लाउडचा मध्य-अमेरिका विभाग कोलमडला. फ्रंटियर या अमेरिकी विमान कंपनीची उड्डाणं थांबली. या बिघाडाचा क्राउडस्ट्राइकशी काही संबंध नव्हता. पण सकाळी जाग आली तेव्हा बातम्यांत मायक्रोसॉफ्टचं नाव आधीच होतं आणि पुढचे काही तास लोक त्यालाच धरून बसले.

सकाळी ९.००

इंदूरमध्ये छप्पन दुकानवर पोहे-जिलेबीची गर्दी. कचेऱ्या उघडायच्या वेळेला आल्या होत्या. सुपर कॉरिडॉरवर, जिथे टीसीएस आणि इन्फोसिसची आवारं आहेत, गाड्या आत शिरत होत्या. तोच रस्ता पुढे देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाच्या दिशेने जातो. मुंबई-पुण्याला माणसं असलेली इंदूरची मराठी घरं या विमानतळाची जुनी गिऱ्हाइकं.

क्राउडस्ट्राइकचं मुख्यालय असलेल्या टेक्सासच्या ऑस्टिन शहरात गुरुवारच्या रात्रीचे साडेदहा वाजले होते. भारतीय ज्योतिषी एके काळी रेखांश मोजायचे ते इंदूरपासून तासाभरावरच्या उज्जैनपासून. आजचा मुहूर्त मात्र ऑस्टिनमध्ये ठरत होता.

९.३९

क्राउडस्ट्राइकने दोन नवे नियम सोडले. ते ज्या फाईलमधून गेले तिचा क्रमांक २९१. तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमने दोन्ही नियमांना हिरवा कंदील दाखवला होता. तपासनिसातच दोष होता. २१ रकाने भरलेले येतील, असं तो गृहीत धरून चालला होता.

या वेळी एका नियमात एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' नव्हतं. तिथे तपासून बघायची खरीखुरी अट होती.

९.३९ नंतर

संगणकाने फाईल उतरवून घेतली. फाल्कनने ती वाचली. नेम्ड पाइपवर पुढची हालचाल होताच अट तपासायला तो एकविसाव्या रकान्याकडे गेला. माहिती विसाव्यापर्यंतच होती. त्याने हद्दीपलीकडची मेमरी वाचली.

साध्या प्रोग्रॅमकडून ही चूक झाली तर तो प्रोग्रॅम बंद पडतो, बाकी संगणक चालू राहतो. फाल्कन विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसतो. हल्लेखोराच्या आधी तिथे हजर असावं म्हणून. कर्नलमध्ये माफी नाही. पडदा निळा झाला, त्यावर रडक्या चेहऱ्याची खूण आणि खाली नापास झालेल्या फाईलचं नाव: 'सीएसएजंट'. संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला. फाल्कन सुरुवातीलाच जागा होतो, विंडोजच्या बरोबरीने. त्याने तीच फाईल वाचली. पडदा पुन्हा निळा.

ऑस्टिनमध्ये रात्रीचे अकरा वाजून नऊ मिनिटं, लंडनमध्ये पहाटेचे पाच वाजून नऊ मिनिटं. दोन्हीकडच्या कचेऱ्यांतले बरेचसे डेस्कटॉप झोपलेले होते. सिडनीत दुपारचे दोन वाजून गेले होते, म्हणजे भर कामाची वेळ. भारतात कचेऱ्या नुकत्या भरत होत्या. ज्याने नऊ पस्तीसला संगणक लावला तो सापडला. जो सव्वाअकराला डुलत डुलत आला, त्याचा संगणक शाबूत राहिला. वक्तशीरपणाला असा दंड क्वचितच बसला असेल.

१०.१५ च्या सुमारास

ऑस्ट्रेलियात किराणा दुकानांचे गल्ले आणि विमानतळांवरचे काउंटर बंद पडू लागल्याच्या बातम्या येऊ लागल्या. भारतातल्या सिस्टिम अ‍ॅडमिनच्या हातात अजून फक्त फोन होते आणि प्रत्येक फोनवर एकच तक्रार: मशीन निळं झालंय, रिस्टार्ट केलं, परत निळं. पहिला संशय विंडोज अपडेटवर गेला. दुसरा सायबर हल्ल्यावर. ज्या सॉफ्टवेअरने हल्ला ओळखायचा, त्याच्यावर संशय घ्यायला सगळ्यांना वेळ लागला. सुरक्षेचं सॉफ्टवेअर आपल्याकडे पहारेकरी म्हणून पगारावर असतं. चोरी झाली की त्याचीच झडती आधी घ्यावी, असं कोणाच्या मनात येत नाही.

१०.४०

बंगळुरूच्या विमानतळाने चेक-इनची 'नॅव्हिटेअर' यंत्रणा ठप्प झाल्याची वेळ हीच सांगितली. इंडिगो, आकासा, स्पाइसजेट आणि एअर इंडिया एक्स्प्रेस त्याच यंत्रणेवर चालत होत्या. इंडिगोने जाहीर केलं की आपल्या संपूर्ण जाळ्यावर परिणाम झाला आहे, आणि कारण म्हणून मायक्रोसॉफ्ट अझूरचं नाव दिलं. इंदूर त्या जाळ्यातलं एक शहर. इथून उडणारी बहुतेक विमानं इंडिगोची.

१०.५७

क्राउडस्ट्राइकने सदोष फाईल मागे घेतली. सोडल्यापासून मागे घेईपर्यंत ७८ मिनिटं.

ही घाई कौतुकाची आहे. पण फाईल मागे घेतली म्हणजे नव्या कोणाला ती मिळणार नाही, एवढंच. ज्यांच्याकडे पोहोचली होती ते संगणक इंटरनेटपर्यंत जाण्याआधीच कोसळत होते. दुरुस्त फाईल घेण्यापुरतेही ते जागे राहत नव्हते.

सकाळी ११ ते दुपारी ३

विमानतळांवर बॉलपेन निघाले. हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाचा हाताने लिहिलेला इंडिगोचा बोर्डिंग पास जगभर फिरला: नाव, विमानाचा क्रमांक, तारीख, आसन, सगळं पेनने. दिल्लीत माहितीच्या पडद्यांऐवजी फळे आले. एक विमान दिवसात अनेक शहरांच्या फेऱ्या करतं, त्यामुळे दिल्लीत सकाळी हुकलेला तास संध्याकाळपर्यंत इंदूर-नागपूर-पुण्यात पोहोचतोच. इंडिगोने दिवसअखेर सुमारे २०० उड्डाणं रद्द केली.

दुपारी ३.१५

जॉर्ज कर्ट्झ यांनी एक्सवर लिहिलं की हा सायबर हल्ला नाही, विंडोजसाठीच्या एका अपडेटमधला दोष आहे, मॅक आणि लिनक्सला धक्का नाही, आणि दुरुस्ती पाठवली आहे. फाईल सुटून साडेपाच तास झाले होते. त्या निवेदनात माफी नव्हती. ती त्यांनी काही तासांनी टीव्हीवर मागितली.

संध्याकाळ

भारताच्या 'सर्ट-इन' या सायबर सुरक्षा संस्थेने धोक्याची पातळी 'गंभीर' ठरवून सूचना काढली होती. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितलं की एनआयसीचं सरकारी जाळं सुरक्षित आहे. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की देशातल्या फक्त १० बँका आणि बिगर-बँक वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली. एनएसई आणि बीएसई या शेअर बाजारांचे व्यवहार रोजच्यासारखे झाले.

भारत थोडक्यात बचावला, असं त्या संध्याकाळी बरंच बोललं गेलं. बचावला हे खरं. पण रिझर्व्ह बँकेनेच कारण दिलं होतं: बहुतेक बँकांच्या महत्त्वाच्या यंत्रणा क्लाउडवर नव्हत्या आणि क्राउडस्ट्राइक वापरणाऱ्या बँका मोजक्याच होत्या. यात सावधगिरीपेक्षा योगायोगाचा वाटा मोठा. क्राउडस्ट्राइकच्या जागी जास्त खपणारी कंपनी असती तर शनिवारच्या अंकातली आकडेवारी वेगळी असती.

रात्र

दुरुस्ती साधी होती. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा, विंडोजच्या ड्रायव्हर्समधल्या क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमध्ये जायचं, २९१ क्रमांकाची फाईल पुसायची, पुन्हा सुरू करायचं. एका संगणकाला पाच-दहा मिनिटं.

पण ती दुरून करता येत नव्हती. माणसाने त्या संगणकासमोर जाऊन बसायचं. घरून काम करणाऱ्याचा लॅपटॉप घरी. आणि डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप असेल, जे शिस्तशीर कचेरीत असतंच, तर सेफ मोडसाठी ४८ आकडी किल्ली हवी. प्रत्येक संगणकाची वेगळी. फोनवर एक जण आठ गटांत सहा-सहा आकडे वाचतो, दुसरा टाइप करतो. एक आकडा चुकला तरी कुलूप उघडत नाही. कुठे कुठे किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या, तो सर्व्हरही निळा झालेला. क्लाउडमधल्या काही यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने सुचवलं की पुन्हा पुन्हा रिस्टार्ट करत राहा, १५ वेळासुद्धा करावं लागेल. कोसळण्याआधी दुरुस्त फाईल उतरली तर उतरली.

२० जुलै, पहाटे ३.००

नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांच्या म्हणण्याप्रमाणे या वेळेपासून विमानतळांवरच्या यंत्रणा नेहमीसारख्या चालू लागल्या.

त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने आकडा जाहीर केला: ८५ लाख विंडोज संगणक. जगातल्या विंडोज संगणकांच्या १ टक्क्याहून कमी. अमेरिकेत डेल्टा या विमान कंपनीची उड्डाणं पुढचे पाच दिवस रद्द होत राहिली, सुमारे ७,०००.

२५ जुलै

फाल्कनमध्ये हद्द तपासणारा कोड घातला गेला. रकाने किती आणि माहिती किती, हे वाचण्याआधी बघणारा. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तो.

६ ऑगस्ट

कंपनीने मूळ कारणाचा अहवाल प्रसिद्ध केला. २१ आणि २० हे दोन आकडे जगाला त्यातून कळले. अपडेट यापुढे टप्प्याटप्प्याने जातील आणि ते कधी घ्यायचे यावर गिऱ्हाइकाचाही ताबा असेल, असं आश्वासन त्यात होतं.

माझ्या मते दोष एकट्या क्राउडस्ट्राइकचा नाही. आपण खरेदी करताना 'नवा व्हायरस आला की किती मिनिटांत अपडेट देता?' एवढंच विचारत आलो. विक्रेत्याने मिनिटं कमी करून दाखवली आणि त्या मिनिटांत न बसणारी चाचणी वगळली. इंदूरच्या, पुण्याच्या, कोल्हापूरच्या लहान-मोठ्या कंपन्यांनी पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. नियमांचे अपडेट आधी पाच-दहा संगणकांवर घेऊन बघण्याची सोय आहे का? ती आज चालू केलेली आहे का? आणि आपल्या बिटलॉकरच्या किल्ल्या फक्त सर्व्हरवर आहेत, की छापून कपाटातही ठेवल्या आहेत? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर विक्रेत्याकडे नसतं. ते तुमच्या सिस्टिम अ‍ॅडमिनला विचारा, आणि सोमवारची वाट न बघता विचारा.