‘गेट डाउन’ की ‘गेट ऑफ’? ठाण्याच्या रुळांपासून कोल्हापूरच्या दहा लाख शब्दांपर्यंत

डोंबिवलीत राहणारा आणि ठाण्यात नोकरी करणारा मनुष्य कार्यालयात इंग्रजी बोलताना सहज म्हणून जातो, ‘आय गेट डाउन ॲट ठाणे’. लंडनचा प्रवासी त्याच ठिकाणी ‘गेट ऑफ’ म्हणेल. शाळेतील व्याकरण पहिल्या वाक्याखाली लाल रेघ ओढते. पण ही चूक ठरवली कोणी, आणि मोजून ठरवली की मानून? भारतीय इंग्रजीपुरते या प्रश्नाचे पहिले मोठे मोजमाप महाराष्ट्रातच, कोल्हापुरात झाले. त्याचा हा इतिहास. (थ्रेड)

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्याला पोहोचली. १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. या रुळांवरून माणसे आणि माल आला, तसे ‘अप’ आणि ‘डाउन’ हे दोन चिमुकले इंग्रजी शब्दही आले. मुंबईकडे जाणारी गाडी अप, मुंबईहून निघणारी डाउन. येथे चढउताराचा काहीही संबंध नाही. कसाऱ्यापुढे थळघाट चढून इगतपुरी गाठणारी गाडीसुद्धा डाउनच म्हणवते! भाषेतील दिशा भूगोलापेक्षा रूढीवर चालतात, याचे याहून उघड उदाहरण सापडणे कठीण.

आता ‘गेट डाउन’ पाहू. मराठीत घोड्यावरून, झाडावरून, बसमधून, लोकलमधून माणूस ‘उतरतो’च, क्रियापद एकच आणि दिशा खालची. तेव्हा इंग्रजीत ‘डाउन’ सुचणे स्वाभाविक. परंतु सगळा दोष ‘उतरणे’वर ढकलता येत नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज स्वतः घोडागाडीतून पायउतार होताना ‘गेट डाउन’ म्हणत असे. त्याच्याकडे पुढे ही रूढी मागे पडली. येथे तिला ‘उतरणे’चा भक्कम आधार होता, म्हणून ती टिकली असावी.

क्रियापदाला लहानसे अव्यय जोडून अर्थ पार पालटण्याची ही रीत परकीयांना नेहमीच छळत आली आहे. ‘लुक’ म्हणजे पाहणे. पण ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ‘लुक इन्टू’ म्हणजे चौकशी करणे आणि ‘लुक डाउन ऑन’ म्हणजे तुच्छ लेखणे. १७५५ साली आपला कोश प्रसिद्ध करताना डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी प्रस्तावनेत कबूल केले की परकीयांना सर्वांत अवघड जाणारी गोष्ट हीच, आणि म्हणून असे जोड आपण विशेष काळजीने टिपले. या जोडांना ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र छापील रूपात १९२५ साली लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या ग्रंथातून रूढ झाले. त्यांनी त्याचे श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले.

संस्कृतशी परिचित असलेल्या वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. ‘हृ’ हा एकच धातू. उपसर्ग बदलला की आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. लौकिक संस्कृतात उपसर्ग धातूला पुढून चिकटतो. वेदांत मात्र तो धातूच्या मागेही येई आणि मध्ये इतर शब्द घेऊन दूरही उभा राही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायात या छांदस मोकळिकीची स्वतंत्र नोंद केली आहे. ‘पुट द बुक डाउन’मध्ये क्रियापद आणि अव्यय यांच्यामध्ये पुस्तक येऊन बसते, तसाच हा प्रकार. आधुनिक मराठीने तिसरीच वाट धरली. ती दुसरे क्रियापद जोडते: खाऊन टाकणे, फेकून देणे, विसरून जाणे. ‘ईट अप’मध्ये काही वर जात नाही; ‘खाऊन टाक’मध्येही काही टाकले जात नाही.

शाळेत मात्र ही गंमत शिक्षा बनून आली. तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर मराठी मुलांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. १९३०च्या दशकात ‘रेन अँड मार्टिन’ आले. त्यातील पी. सी. रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ या गाजलेल्या साहसकथेचे लेखक, आणि एके काळी मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातील अधिकारी. रिकाम्या जागी योग्य अव्यय भरा, हा प्रश्न तेव्हापासून कोणाला चुकला नाही. ‘डिस्कस अबाउट’ लिहिले की गुण गेला. ‘मॅरीड विथ’ लिहिले तरी गेला. कारण ठरलेले: मुलगा मराठीत विचार करतो. आपण ‘विषयावर चर्चा’ करतो, ‘तिच्याशी लग्न’ करतो. हे अंशतः खरेही आहे. पण भारतात छापले जाणारे इंग्रजी खरोखर कसे आहे, हे कोणी मोजले होते?

मोजण्याचे तंत्र अमेरिकेत घडले. ब्राउन विद्यापीठात नेल्सन फ्रान्सिस आणि हेन्री कुचेरा यांनी १९६१ साली छापलेल्या अमेरिकन मजकुरातून प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे ५०० उतारे निवडले आणि संगणकावर चढवले. एकूण दहा लाख शब्द. त्याच साच्यात, त्याच १९६१ सालच्या ब्रिटिश मजकुराचा संचय लँकेस्टर, ऑस्लो आणि बर्गन येथील अभ्यासकांनी १९७८ पर्यंत पूर्ण केला. अमेरिका झाली, ब्रिटन झाले. तिसरा क्रमांक कोणाचा?

तो कोल्हापूरचा. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संचय तयार झाला आणि १९८६ साली अभ्यासकांच्या हाती आला. साचा तोच: ५०० उतारे, १५ विभाग, वृत्तपत्रांपासून कादंबऱ्यांपर्यंत. साल मात्र १९६१ नव्हे, १९७८ घेतले. स्वातंत्र्याला तीन दशके उलटल्यावर इंग्रजीला जे भारतीय वळण लागले असेल, ते त्यात उतरावे हा हेतू. साच्यालाही थोडी मुरड घालावी लागली. साहसकथा आणि विज्ञानकथा भारतीय इंग्रजीत तितक्या मिळेनात. त्यांची जागा सर्वसाधारण कथासाहित्याने भरली. उसन्या मापाने आपला देह मोजताना शिंप्याला असेच करावे लागते.

यामुळे वादाचे स्वरूपच बदलले. ‘भारतीय लोक असे लिहितात’ हे विधान आता आठवणीच्या चार उदाहरणांवर करता येईना. क्रियापद घ्या, ते किती वेळा आले ते मोजा, त्यापुढे कोणते अव्यय किती वेळा आले ते पाहा, आणि ब्रिटिश संचयाशी ताडून घ्या. क्रियापदामागे काय येते याचा अभ्यास स्वतः शास्त्रींनीही या संचयावर केला. मर्यादाही उघड होती. यात फक्त छापील भाषा होती. लोकलच्या दारातले इंग्रजी त्यात नव्हते. ती उणीव पुढच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने भरली. कोल्हापूर आणि बर्लिन यांनी मिळून त्याचा भारतीय भाग सिद्ध केला. त्याच्या आराखड्यात ५०० पैकी ३०० नमुने बोलीचे होते: संभाषणे, वर्गातील तास, नभोवाणी, न्यायालय.

अशा संचयांवरील संशोधनातून जे दिसले, ते दोन्ही पक्षांना अडचणीचे आहे. ‘डिस्कस अबाउट’ आढळते, पण सुशिक्षित भारतीय लेखनात बिनअव्ययाचे ‘डिस्कस’च कितीतरी अधिक आहे. म्हणजे ती सर्वमान्य भारतीय रूढी, असे म्हणता येत नाही. दुसरीकडे, असे जादा अव्यय सिंगापूर आणि केनियातील इंग्रजीतही सापडते. तेथे कोणी मराठीत विचार करत नाही. मग कारण काय? एक कारण इंग्रजीच्याच घरात आहे. ‘डिस्कशन अबाउट’, ‘रिक्वेस्ट फॉर’, ‘स्ट्रेस ऑन’ ही नामे शुद्ध इंग्रजीत अव्यय घेऊनच येतात. बोलणारा तेच अव्यय क्रियापदालाही लावतो. ज्याला मातृभाषेचा डाग म्हटले गेले, तो निदान काही प्रमाणात इंग्रजीच्याच नियमाचा विस्तार निघाला.

१९८६ च्या त्या संचयाचे वितरण नॉर्वेतील बर्गनहून होत आले. जर्मनीतील विद्यापीठांतून भारतीय इंग्रजीतील क्रियापदांवर प्रबंध लिहिले गेले, त्यांच्या आधारसामग्रीत कोल्हापूर हे नाव वारंवार येते.