स्पर्श गेलेल्या हातांचा इतिहास

शाळांमध्ये कुष्ठरोगाची माहिती द्यायला जायचो तेव्हा मी मुलांना आधी एक प्रश्न विचारत असे. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा या पाचांपैकी एक द्यायचंच झालं, तर कोणतं द्याल? बहुतेक हात नाकासाठी वर होत. काही मुलं जीभ म्हणत. डोळे द्यायला कोणीच तयार नसे. त्वचेचं नाव क्वचित निघे, आणि निघालंच तर एखादा धीट मुलगा म्हणे, "त्वचा घ्या सर, म्हणजे छडी लागणार नाही."

त्या मुलाने जे मागितलं, ते कुष्ठरोग देतो. वर्धा आणि चंद्रपूर जिल्ह्यांत कुष्ठतंत्रज्ञ म्हणून नोकरी करताना स्पर्श गेलेले हातपाय मी रोज पाहिले. पाच ज्ञानेंद्रियांपैकी जिच्यावाचून जगणं सर्वांत अवघड, ती त्वचा, हे माझं मत तिथे पक्कं झालं. आणि या एका आजाराचा आपल्या देशातला इतिहास हा बऱ्याच अंशी स्पर्श जाणं म्हणजे काय हे न कळल्याचा इतिहास आहे, असंही मी मानतो.

नाक देणाऱ्या मुलांचं फारसं चुकत नव्हतं. करोनाच्या साथीत कित्येकांचा वास गेला. फोडणी जळलेली कळेना, जेवणाची चव गेली, मन उदास झालं. तरी माणसं कामं करत राहिली आणि बहुतेकांना वास परत मिळाला. दृष्टी नसलेली माणसं पांढरी काठी घेऊन मुंबईच्या लोकलने कामावर जातात. ऐकू न येणारी माणसं हातांनी भरभरून बोलतात. हेलन केलरची दृष्टी आणि श्रवण दोन्ही ती दोन वर्षांचीही नसताना गेली. 1887 मध्ये अलाबामातल्या घरी तिचा एक तळहात पंपाच्या पाण्याखाली धरून शिक्षिकेने दुसऱ्या तळहातावर अक्षरं गिरवली आणि तिला भाषा सापडली. डोळ्यांचं आणि कानांचं काम त्वचेने केलं. त्वचेचं काम अंगावर घेणारं मात्र कोणी नाही.

कुष्ठरोगाची तपासणी अगदी साधी असते. रुग्णाला चांगल्या उजेडात बसवायचं आणि अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसतो का ते पाहायचं. मग बॉलपेनचं टोक त्वचेला हलकेच टेकवायचं आणि टेकवलं तिथे त्याला बोट ठेवायला सांगायचं. एकदोनदा डोळे उघडे ठेवून सराव, नंतर डोळे मिटून. दंडावर टेकवलं की बोट बरोबर दंडावर येतं, गालावर टेकवलं की गालावर. चट्ट्यावर टेकवलं की हात मांडीवरून हलतच नाही. मिटल्या डोळ्यांनी माणूस वाट बघत राहतो, आणि थोड्या वेळाने म्हणतो, "लावा ना जी." पेन तेव्हा त्याच्या अंगावर टेकलेलंच असतं. मग त्याचं कोपर वाकवून मागची खोबण चाचपायची. आपल्याला कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या आणणारी शीर तिथून जाते. रोग्याची ती शीर सुतळीसारखी जाड हाताला लागते.

या रोगाचा जंतू नॉर्वेत बर्गेनला गेऱ्हार्ड हॅन्सन यांनी 1873 मध्ये शोधला. शरीराचे थंड भाग त्याला मानवतात, म्हणून तो त्वचेत आणि त्वचेजवळून जाणाऱ्या मज्जातंतूंत घर करतो. रोगाचं लक्षण मात्र आपल्याकडे फार आधीपासून ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेत कुष्ठाच्या लक्षणांत स्पर्शहानी सांगितलेली आहे. लक्षण कळलं होतं, पण त्याचा परिणाम काय होतो याचा उलगडा झाला नव्हता. गावोगाव समज एकच होता: महारोगात मांस सडतं आणि बोटं झडतात. सडणारं माणूस घरात कोण ठेवणार? म्हणून गावाबाहेर झोपडी, वेगळं ताट, वेगळा घडा.

हाच समज घेऊन शहरं आणि कायदे चालले. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर एच. ए. अ‍ॅक्वर्थ यांनी 1890 मध्ये माटुंग्याला बेघर महारोग्यांसाठी आश्रयस्थान उभं केलं. आज ते वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून ओळखलं जातं. 1898 मध्ये लेपर्स अ‍ॅक्ट आला. निराधार महारोग्याला वॉरंटशिवाय पकडून आश्रमात धाडायचा अधिकार त्याने पोलिसांना दिला. हा कायदा संसदेने रद्द केला तो 2016 मध्ये. त्या काळी औषध म्हणून कडू कवठाच्या जातीच्या बियांचं तेल होतं. ते आधी पाजत, पुढे सुईने टोचत. गुण बेताचाच येई.

वर्ध्याची माती या बाबतीत वेगळी निघाली. विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये दत्तपूरला महारोग्यांची सेवा सुरू केली. 1939 मध्ये संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री रोग अंगावर घेऊन सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि स्वतःच्या हाताने त्यांना मालीश केलं. ज्याला कोणी शिवत नव्हतं त्याला देशाने पाहावं असं शिवणं, हे तेव्हा औषधाहून मोठं काम होतं. 1951 मध्ये बाबा आमटे सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन वरोऱ्याजवळच्या माळावर गेले आणि आनंदवन उभं राहू लागलं. त्याच वर्षी वर्ध्याला गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झालं. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही घरोघर जाण्याची पद्धत त्याने घालून दिली. पुढे आम्ही सगळे त्याच पद्धतीने गावं पालथी घालत होतो.

बोटं झडण्याचा उलगडा तामिळनाडूत झाला. डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. ते हाडांचे शल्यविशारद. कुष्ठरोग्यांचे वाकलेले पंजे पाहून त्यांनी विचारलं, हे असं का होतं? उत्तर कोणाकडेच नव्हतं. एकदा कोठाराचं गंजलेलं कुलूप त्यांना उघडेना. एका लहानशा रुग्ण मुलाने पुढे होऊन किल्ली फिरवली आणि कुलूप उघडलं. ब्रँड यांनी त्याचा हात उलटून पाहिला, तर किल्लीने बोट पार हाडापर्यंत कापलं होतं. मुलाला पत्ताच नव्हता. किती जोर लावायचा हे आपल्याला बोट दुखतं म्हणून कळतं. त्याचं बोट दुखतच नव्हतं, म्हणून जोराला मर्यादाच नव्हती.

मग ब्रँड आणि त्यांचे सहकारी प्रत्येक जखमेचा माग काढू लागले. ही कशाने झाली? चुलीवरचं भांडं तसंच उचलल्याने. ही? हातोड्याच्या दांड्याने. आणि ही? रात्री झोपताना बोट शाबूत होतं, सकाळी त्याचा तुकडा गेलेला, त्याचं काय? रात्रभर पहारा ठेवला तेव्हा दिसलं की उंदीर येऊन बोटं कुरतडत होते आणि झोपलेल्याला जाग येत नव्हती. तेव्हापासून बरे होऊन घरी निघालेल्या रुग्णांना मांजर सोबत देण्याची पद्धत पडली. निष्कर्ष स्पष्ट होता. मांस आपोआप सडत नाही. बोटं जातात ती न कळलेल्या जखमांनी, त्या चिघळण्याने आणि त्याच हाताने काम रेटत राहण्याने. शतकानुशतकं ज्याला दैवी कोप म्हटलं, त्याचं मूळ वेदनेच्या अभावात होतं.

हा अभाव एवढ्यावर थांबत नाही. डोळ्याच्या बुबुळाला कण लागला की पापणी मिटते, ती स्पर्शामुळे. ती जाणीव गेली की पापणी मिटायचं विसरते, डोळा कोरडा पडतो, कचऱ्याने ओरखडतो आणि शेवटी दृष्टी जाते. नाकाचं अस्तर रोगाने सुकलं की वास जातो आणि नाक बसतं. एक इंद्रिय जाताना आणखी दोघांना घेऊन जातं. अशा माणसाला ब्रेल तरी कशी शिकवणार? ठिपके वाचायचे ते बोटांनीच.

आमच्या भागात जखम व्हायची ती बहुधा पायाला. कापणीनंतर शेतात धस उभे असतात. बाई दिवसभर राबून घरी येते, आणि अंगणात रक्ताचे ठसे पाहून लेक ओरडते तेव्हा तिला कळतं की तळव्यात काहीतरी घुसलं आहे. अंगठ्याखालच्या गादीवर घट्टा पडतो, घट्ट्याखाली पाणी धरतं, फुटून व्रण होतो. दुखत नाही म्हणून ती त्याच पायाने चालत राहते. पाय अर्धा तास पाण्यात बुडवा, घट्टा दगडाने घासा, ओल्यावरच तेल लावा, रोज रात्री आरशात तळवे बघा, हे मी घराघरांत सांगत फिरलो. डोळ्यांनी जमेल तेवढं त्वचेचं काम करायचं, एवढाच त्याचा अर्थ. शासनाकडून एमसीआर चपला मिळायच्या, मऊ रबराच्या, एकही खिळा नसलेल्या. पण गावात त्या चपला ओळखल्या जात, म्हणून कित्येक बाया त्या घरीच ठेवून अनवाणी बाजाराला जात.

औषधाचा इतिहास त्या मानाने सरळ आहे. 1940 च्या दशकात डॅप्सोन आलं. ते वर्षानुवर्षं घ्यावं लागे आणि जंतू त्याला दाद देईनासे झाले. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सांगितला: रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन. सहा महिने किंवा बारा महिने, एवढ्यात रोग बरा. पहिल्या डोसनंतर लाल लघवी बघून माणसं घाबरत, क्लोफॅझिमिनने चेहरा काळवंडला की बायका गोळ्या थांबवत. पण सर्वांत जड प्रश्न असायचा तो हा: "दुखत नाही, खाजत नाही, मंग गोळ्या कायले खायच्या जी?" दुखणं माणसाला दवाखान्यात आणतं. या रोगात ते काम करणारंच कोणी उरत नाही, म्हणून आम्हाला दारोदार जावं लागलं.

औषधाने जंतू मरतात, पण मेलेली शीर जिवंत होत नाही. ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत, कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात, कृत्रिम वेदना तयार करण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यांत आणि मोज्यांत दाब ओळखणारी यंत्रं बसवली, जोर जास्त झाला की इशारा देणारी. अनेक वर्षं आणि पुष्कळ पैसा खर्च होऊनही ते साधलं नाही. यंत्रं बिघडत, आणि काम अडलं की माणसं इशाराच बंद करून टाकत. चष्मा आहे, श्रवणयंत्र आहे. त्वचेच्या जाणिवेला पर्याय अजून नाही.

डिसेंबर 2005 मध्ये देशात दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले आणि निर्मूलन जाहीर झालं. त्यानंतर घरोघरचं सर्वेक्षण मंदावलं. आजही जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात, वर्षाला लाखभर. आपल्याकडे चंद्रपूर, गडचिरोली, पालघर या जिल्ह्यांत ते जास्त आहेत. 2017 पासून दर 30 जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, सरकार कुष्ठरोगाविषयी 'स्पर्श' नावाने मोहीम चालवतं. ती एका दिवसापुरती राहू नये.

म्हणून वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल तर डोळे मिटून त्यावर कोणाला तरी पेनचं टोक टेकवायला सांगा. कळलं नाही, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषध मोफत आहे आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णाकडून संसर्ग होत नाही. शीर बधिर होऊन सहा महिने उलटायच्या आत उपचार मिळाला तर गेलेला स्पर्श परत येण्याची आशा असते. दुखण्याची वाट पाहू नका. या आजारात ते येत नाही.